शिकाऱ्याच्या अंगणात आलेले सांबर

पूर्वी ताम्रपुरात जयध्वज राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व जवळच्या अरण्यात सांबरांच्या कळपाचे म्होरके होऊन जन्मले होते. त्याच अरण्यात शबरांचा पाडा होता आणि कोलक हा त्यांचा नाईक. त्या वर्षी कोलकाची स्वारी भलतीच खुशीत होती. ओढ्याकाठची खारी माती चाटायला येणारी सांबरे धनुष्य दिसले तरी पळत नसत. आयतीच शिकार! 'वनदेवी पावली,' म्हणून त्याने साऱ्या पाड्याला जेवायला बोलावले. लेक पर्णा गरोदर होती आणि शिकारीचे काळीज आधी गरोदर बाईला द्यायचे, ही शबरांची रीत.

काळीज निखाऱ्यावर ठेवणार, तोच एक थोरले सांबर थेट अंगणात येऊन उभे राहिले.

"नाईका, लेकीला हे देऊ नकोस," बोधिसत्त्व म्हणाले.

कोलकाला हसू आवरेना. "ऐका रे! आता शिकारच शिकाऱ्याला पथ्य सांगतेय!"

"हास बाबा, पण ऐक. राजाच्या तांब्याच्या भट्ट्यांचं विषारी पाणी ओढ्यात येतं. माझे भाऊबंद तिथलीच माती चाटतात. त्यांना पळायचं बळच उरलं नाही. मी टेकडीवरची माती चाटतो. विश्वास नसेल तर माझं काळीज काढून शेजारी ठेव, आणि लेकीला तेच दे."

त्यांनी मान पुढे केली.

कोलकाने काळीज उजेडात धरले. त्यावर हिरवट डाग होते. आजवर भाजण्याच्या घाईत कोणी पाहिलेच नव्हते. त्याने ते दूर फेकले, पण दुसऱ्या हातातली सुरी तशीच होती.

"बा, सुरी टाक," पर्णा म्हणाली. "माझं लेकरू वाचवणाऱ्याला कापणार होय?"

कोलकाने सुरी टाकली आणि सांबराच्या गळ्यात पडून तो रडला.

दुसऱ्या दिवशी पुढे शबर आणि मागे सांबरे, अशी वरात राजवाड्यावर गेली. शिकारी आणि शिकार एकच गाऱ्हाणे घेऊन आलेले पाहून राजा वरमला. त्याने त्याच दिवशी भट्ट्या विझवल्या. ओढा निवळेपर्यंत शबर कंदमुळे खाऊन राहिले आणि कळपासाठी टेकडीवरची माती टोपल्यांनी आणत राहिले. पर्णाला गुटगुटीत मुलगी झाली. बारशाला आख्खा कळप आला आणि दारचे तोरण खाऊन गेला. कोलक पोट धरधरून हसला.

ही कथा सांगून शास्ते म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा कोलक म्हणजे तुमच्या पात्रात मध वाढणारा हा वनवासी उपासक. पर्णा आजही त्याचीच लेक आहे. ते सांबर मी होतो. आपल्यावर बाण रोखणाऱ्याच्या लेकराचीही काळजी वाटणे, यालाच मैत्री म्हणतात."