मैना फ्री

पाखरं माणसांशी बोलायची त्या काळची गोष्ट. बाजारात पिंजरे विकणारा बाबूशेट एकदा ओरडला, "पिंजरा घ्या, मैना फ्री!"

पिंजऱ्यातली चंद्री मैना हरखली. "ऐकलंत? मी फ्री!"

शेजारचा म्हातारा पोपट म्हणाला, "पोरी, शेटच्या तोंडी फ्री म्हणजे फुकट. मोकळी नव्हे."

चंद्री हिरमुसली. पण लगेच म्हणाली, "शब्दाला दोन अर्थ आहेत ना? मग मी माझा घेते."

एका गिऱ्हाइकाने मैना नीट पाहायला दार उघडलं, तशी ती त्याच्या हाताखालून निसटली आणि समोरच्या चिंचेवर जाऊन बसली.

"अगं, परत ये!" बाबूशेट कळवळला. "माझं केवढं नुकसान!"

"नुकसान कसलं, शेट?" चंद्री म्हणाली. "माझी तर तुम्ही काही किंमतच धरली नव्हती."