खारीचे दात आणि घुशीचा मोगरा

डोंगराच्या पायथ्याला एक रान होते. तिथल्या एका जुन्या जांभळीच्या ढोलीत एक खार राहत असे, आणि त्याच जांभळीच्या मुळाशी बीळ करून एक घूस. आता शेजार म्हटला की थोडे डोकावणे आलेच, मुलांनो. ते काही पाप नाही. पण खारीचे डोकावणे जरा वेगळे होते.

दोघींच्याही दारापुढे एकेक मोगरा होता. मोगरा मूळचा खारीचा. घूस नवीन राहायला आली तेव्हा खारीनेच त्याची एक फांदी तिला लावायला दिली होती, तीही हसतमुखाने. पुढे झाले असे, की चैत्र लागला की घुशीचे झाड पांढरेशुभ्र होई, आणि खारीच्या झाडाला कशीबशी पाच-सात फुले. खार सकाळी उठली की तोंडही न धुता फांदीवरून खाली वाके आणि शेजारची फुले मोजे. "काल सव्वीस होती, आज बत्तीस! फांदी माझी, आणि फुलं हिला!" मग दिवसभर तिला काही गोड लागत नसे. पिकलेले जांभूळही कडू लागे, आता बोला.

खार बघायची ती फक्त फुलांच्या दिवसांत. थंडीत भल्या पहाटे घूस त्या झाडापाशी काय खटपट करते, हे शेपटी पांघरून झोपलेल्या खारीला कुठून दिसणार? आणि उघड्याबोडक्या झाडाचा हेवा तरी कोण करतो?

एका वर्षी खारीच्या लेकीचे लग्न ठरले. मुहूर्त अक्षय तृतीयेचा. खारीने साऱ्या रानात सांगून टाकले, "माझ्या लेकीच्या मुंडावळ्या माझ्याच दारच्या मोगऱ्याच्या. दुसऱ्याच्या फुलांना मी शिवायचीसुद्धा नाही." दुसऱ्याच्या म्हणजे कोणाच्या, हे न सांगताही सगळ्यांना कळले.

घुशीलाही कळले. पण ती स्वभावाने साधी. मार्गशीर्ष सरता सरता ती मुद्दाम जांभळीखाली आली आणि म्हणाली, "अगं खारबाई, एवढ्या फुलांचं मनात आहे ना तुझ्या? मग आता मोगऱ्याचं पाणी तोड. आणि पौषात फांद्या चांगल्या वीतभर ठेवून छाटून टाक. थोडी उपासमार झाली की झाड फुलायला उठतं."

"हो का? बरं झालं बाई, सांगितलंस," खार वरवर गोड हसून म्हणाली. घूस वळताच तिने नाक मुरडले. "शहाणीच आहे! पाणी तोडा, फांद्या कापा, म्हणजे सरपणच झालं की झाडाचं! माझ्या लेकीच्या लग्नात माझं हसं व्हायला हवंय हिला." आणि त्या दिवसापासून खार आपल्या मोगऱ्याला रोज एकाऐवजी दोन करवंट्या पाणी घालू लागली. वर कुजलेल्या पानांचे खत, तेही ओंजळी भरभरून.

चार दिवसांनी घुशीला ओढ्यापलीकडून निरोप आला. तिची लेक बाळंत झाली होती. घूस घाईघाईने निघाली आणि जाता जाता म्हणाली, "बागेकडे जरा लक्ष ठेव गं. मेथी, कोथिंबीर सगळी काढून झालीय. मोगऱ्याचं काय ते मी आल्यावर बघते."

"जा तू निवांत," खार म्हणाली, "माझं लक्ष असतंच."

ते खोटे नव्हते. आठ दिवस खारीने लक्षच ठेवले. मग मात्र तिला राहवेना. भर दुपारी, आजूबाजूला कोणी नाही असे पाहून ती खाली उतरली. "मला शिकवत होतीस ना, पाणी तोड, फांद्या छाट? घे तर मग. तुझंच औषध तुला!" असे पुटपुटत तिने आपल्या धारदार दातांनी घुशीच्या मोगऱ्याच्या एकूण एक फांद्या कुरतडल्या. वीतभर खुंट तेवढे राहिले. पाण्याचा तर प्रश्नच नव्हता. सबंध पौष गेला, माघ अर्धा झाला, त्या झाडाच्या बुंध्याशी दवाखेरीज थेंब पडला नाही. खार वरून ते वाळके खुंट बघे आणि त्या वर्षी तिला पहिल्यांदा सुखाची झोप लागली.

माघ संपत आला तेव्हा घूस परतली. तिने आधी सामानही ठेवले नाही, तशीच मोगऱ्यापाशी गेली. वर ढोलीत खारीने श्वास रोखून धरला.

"खारबाई!" घूस ओरडली. "अगं, खाली ये आधी!"

खार पाय ओढत खाली आली. घुशीने तिला मिठीच मारली. "तिकडे नातवाला मांडीवर घेऊन मला एकच घोर होता. म्हटलं पौष गेला, छाटणी राहिली, आता कुठली फुलं! आणि तू सगळं करून ठेवलंस? तेही माझ्यापेक्षा नीट?"

"त्यात काय," खार म्हणाली.

चैत्र आला. घुशीच्या मोगऱ्याला पाने कमी आणि कळ्या जास्त, अशी गत झाली. खार मोजायला बसली आणि शंभरानंतर तिने मोजणेच सोडले. तिचा स्वतःचा मोगरा? तो हिरवागार, उंच, डेरेदार. पाने अशी लखलखीत की आरसाच. पण कळी औषधालाही नाही. खारीने पान न् पान उलटून पाहिले. रोज पाहिले. लग्न दोन दिवसांवर आले तरी पाहतच होती.

लग्नाच्या सकाळी पाहुणे जमले. नवरी हळद लावून मुंडावळ्यांची वाट बघत बसली होती. "आई, फुलं कुठायत गं?" तिने दोनदा विचारले. तेवढ्यात घूस टोपली भरून मोगरा घेऊन आली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाली, "फुलं माझ्या दारची, पण पुण्याई खारबाईची. मी गावाला गेले तर हिनं माझं झाड छाटलं, त्याचं पाणी तोडलं. म्हणून तर एवढं फुललं!"

सगळ्यांनी खारीचे कौतुक केले. साळुंकी तेवढी मान तिरकी करून बघत राहिली. ती जिभेची फटकळ. "काय गं खारबाई," ती म्हणाली, "शेजारणीचा मोगरा छाटायचं तुला सुचलं. मग स्वतःचा का नाही छाटलास?"

खारीने लेकीच्या मोकळ्या कपाळाकडे पाहिले. खोटे बोलायला तोंड उघडले, पण शब्द आला तो खराच. "मी तो मारायला छाटला होता. मला वाटलं, ही मला झाड वाळवायचा उपाय सांगतेय. म्हणून तो हिच्यावरच उलटवला."

घुशीने टोपली खाली ठेवली. मग ती खाली बसली आणि दोरा काढून म्हणाली, "मुहूर्त जवळ आलाय. आधी मुंडावळ्या करू. भांडण लग्नानंतर."

दोघी शेजारी बसून फुले ओवू लागल्या. लग्न वेळेवर लागले.

भांडण झाले, दुसऱ्या दिवशी. चांगले तासभर झाले. ते सगळे ओसरल्यावर खार खालच्या मानेने म्हणाली, "माझ्या झाडाचं आता काय करू? आजच छाटू?"

"आज छाटलंस तर मरेल," घूस म्हणाली. "डोक्यावर ऊन केवढं आहे! आता पाणी घाल आणि गप्प बस. पौष आला की मी हाक मारीन."

खारीच्या मनात जुनी शंका फणा काढून उभी राहिली. खरंच मरेल, की माझं झाड फुलू नये म्हणून ही सांगतेय? तिचे दात शिवशिवले. घुशीच्या तोंडाकडे ती बराच वेळ बघत राहिली. मग तिने दात आवरले आणि करवंटी उचलून ओढ्याकडे पाण्याला गेली.

तात्पर्य इतकेच, मुलांनो : जो शेजाऱ्याची फुले मोजत बसतो, त्याला आपल्या झाडाचा महिना कळत नाही, आणि हेव्याच्या कानाला चांगला सल्लाही विषासारखा ऐकू येतो.