रिकाम्या हंड्यांची ओळ

मंडळी, ही गोष्ट फार जुनी आहे. इतकी जुनी, की तेव्हाच्या राजाचं नाव सांगणारं आता कुणी उरलेलं नाही. हातातलं काम जरा बाजूला ठेवा आणि सरसावून बसा. गोष्ट आगीची आहे, पाण्याची आहे आणि रायाजीबाबांची आहे.

नदीकाठच्या एका गावात हे रायाजीबाबा राहत. तरुणपणी त्यांनी राजाच्या फौजेत चाकरी केली. गुडघ्यात बाण लागला तसे लंगडत गावी आले, लग्न केलं, संसार मांडला आणि उरलेला सगळा जन्म गावाच्या कामात घालवला. कुणाचं छप्पर उडालं, बाबा शिडी घेऊन हजर. कुणाची गाय अडली, बाबा हजर. बायकोच्या आधी उठून चूल तेच पेटवत, आणि चुलीशेजारी पाण्याचा तांब्या ठेवल्याशिवाय जागचे हलत नसत. लेकीची वेणीही तेच घालत. घोड्याची आयाळ गुंफायची सवय असलेला हात तो! वेणी इतकी घट्ट बसायची, की बिचाऱ्या भिवराच्या भुवया दिवसभर वर चढलेल्या असत.

बाबांचं एक खूळ मात्र साऱ्या गावाला ठाऊक होतं. दर अमावस्येला सकाळी ते पितळी परात बडवत निघायचे. ठण, ठण, ठण! परात वाजली की घरटी एकानं हंडा घेऊन बाहेर पडायचं आणि नदीच्या घाटापासून गावाच्या खळ्यापर्यंत ओळ धरायची. मग रिकामे हंडे हातोहात वर जायचे आणि हातोहात खाली यायचे. पाण्याचा एक थेंब नाही! शेवटच्या जागी, अगदी खळ्याच्या तोंडाशी, बाबा स्वतः उभे राहत आणि रिकामा हंडा हवेत उपडा करत.

"बाबा, आज वाऱ्याला अंघोळ घालताय का?" लोक चेष्टा करत.

"घालतोय की! तू तुझी जागा सोडू नको म्हणजे झालं," बाबा म्हणत.

लोक हसत, पण येत. बाबांवर जीव होता म्हणून येत, आणि खरं सांगायचं तर शेवटी मूठमूठ गूळ-फुटाणे मिळत म्हणूनही येत.

असे हे बाबा एके दिवशी वय होऊन, झोपेतच गेले. गाव पोरकं झालं. भिवरा सासरहून धावत आली आणि आईच्या गळ्यात पडून खूप रडली.

बाराव्या दिवशी मात्र गावात एकच धांदल उडाली. राजाचा कारभारी आला! सोबत पाथरवट, आणि बैलगाडीत पुरुषभर उंचीची काळीशार शिळा. फौजेतला माणूस गेला की त्याची वीरगळ उभी करायची, अशी त्या राज्याची रीत होती. शिळेवर तीन खण कोरायचे. वरच्यात देवाची पूजा, मधल्यात वीराला स्वर्गी नेणाऱ्या अप्सरा आणि सगळ्यात खालच्या खणात त्याचा लढाईतला पराक्रम.

"वरचे दोन खण वाटेतच कोरून झालेत," कारभारी म्हणाला. "खालच्या खणात काय कोरायचं ते लेकीनं सांगायचं. उद्या दिवस मावळायच्या आत सांगा. पराक्रम नसेल तर शिळा पुढच्या गावी जाईल."

भिवराच्या पोटात आनंद मावेना. तिच्या सासरच्या वेशीत एक वीरगळ होती, तिच्यावर हत्तीशी झुंजणारा वीर होता, आणि सासरची माणसं ऊठसूट तिचा तोरा मिरवत. आता माझ्या बाबांचीही शिळा होणार! घोडा हवा, तलवार हवी, समोर दहा-वीस शत्रू तरी हवेतच.

पण पराक्रम कोणता? बाबांनी लढाईची एकही गोष्ट कधी घरात सांगितली नव्हती.

तिनं गाव गोळा केलं. गाव तर तयारच होतं! जो तो दुसऱ्याला ढकलून पुढे येऊ लागला.

"माझी म्हैस गाळात रुतली तर बाबांनी कमरेएवढ्या चिखलात उतरून काढली! ते कोरा!"

"म्हैस काय कोरताय? माझ्या धन्याला ताप भरला तर वैद्याला पाठीवर बसवून पूर ओलांडला त्यांनी!" कुंभारीण ओरडली.

"आणि माझं बारसं? पाळण्याची दोरी तुटली तर अख्खा कार्यक्रमभर पाळणा हातात धरून उभे होते!" हे सांगणारा गडी आता मिशीवाला झाला होता.

लोक हसत होते, डोळे पुसत होते, पुन्हा हसत होते. भिवराला वाटलं, बाबा दाराआडून ऐकत असतील. पण कारभाऱ्यानं मान हलवली. "म्हैस, पूर, पाळणा. यात लढाई कुठंय?"

शेवटी भिवरानं पलीकडच्या गावाहून बाबांच्या फौजेतल्या जुन्या सोबत्याला बोलावणं धाडलं. तो म्हातारा दुसऱ्या दिवशी दुपारी खेचरावर बसून आला. अख्खं गाव पारावर जमलं. भिवरा अगदी पुढे बसून ऐकू लागली.

"एकदा आमच्या तळाला आग लागली," म्हातारा सांगू लागला. "ओढा पन्नास पावलांवर. माणसं चारशे. पण जो तो आपापली घागर घेऊन धावला. येणारा जाणाऱ्यावर आदळला, निम्मं पाणी सांडलं. तळ जळाला. आमचे अकरा सोबती गेले. रायाजी राखेत बसून एकच बोलत होता, पाणी होतं, माणसं होती, ओळ नव्हती."

"म्हणजे ही तर हार झाली!" कारभारी उठला. "हार काही कुणी दगडात कोरत नाही. बाई, तुझे वडील भले माणूस होते, पण शिळा पुढच्या गावी जाईल. जेवण झालं की आम्ही निघतो."

घोडा गेला, तलवार गेली, आता शिळाही चालली. बाबांचा तिला अभिमान होता, आणि तो दाखवायला हातात काहीच उरलं नव्हतं. भिवरा आईजवळ जाऊन बसली.

इकडे कारभाऱ्याचा आचारी कुठं स्वयंपाक करत होता ठाऊक आहे? खळ्यावर! कडब्याच्या गंज्यांची सावली छान पडते म्हणून कारभाऱ्यानं राहुटी तिथंच ठोकायला लावली होती. "खळ्यावर चूल मांडू नका, बाबांचा नियम आहे," असं गावकऱ्यांनी दोनदा सांगितलं होतं. कारभाऱ्यानं ते हसण्यावारी नेलं होतं.

आणि नेमका तेव्हाच वारा फिरला. चुलीतली ठिणगी उडाली, कडब्यात पडली आणि बघता बघता गंजी भडकली! पुढच्या गंजीला लागून वर्षाच्या धान्याच्या राशी होत्या, आणि त्यांच्या मागे लगेच घरं.

"आग! आग!"

कारभारी इकडून तिकडे पळू लागला. त्याचे शिपाई एकमेकांवर आदळू लागले. तेवढ्यात आवाज आला.

ठण! ठण! ठण!

भिवरानं वळून पाहिलं. तिची आई दारात उभी राहून पितळी परात बडवत होती. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, पण हात थांबत नव्हता.

मग काय झालं म्हणून सांगू! कुणी कुणाला काही विचारलं नाही. पाय आपसूक वळले. हंडे आले, कळश्या आल्या, ज्याची त्याची जागा ज्याला त्याला पाठ. श्वास पुरता घेऊन होईतो घाटापासून खळ्यापर्यंत ओळ उभी! भरलेले हंडे वर, रिकामे खाली. सांडलवंड नाही, आरडाओरडा नाही.

कुंभारणीनं पळणाऱ्या कारभाऱ्याचा हात धरला. "ओ कारभारी, नाचताय काय! मधी उभं ऱ्हावा आन् हात लावा!" पागोटं तिरकं झालेला राजाचा कारभारी गुमान ओळीत उभा राहिला. म्हातारा सोबतीही राहिला.

ओळ पुरी होती, फक्त एक जागा मोकळी होती. शेवटची, आगीच्या तोंडाशी.

भिवरा धावली. ती त्या जागेवर उभी राहिली आणि पहिला हंडा तिच्या हातात आला. लहानपणापासून ओळीत हाताळलेला तोच हंडा, पण आज भरलेला, जड. तिनं तो आगीवर रिता केला. दुसरा केला. तिसरा केला. चेहरा भाजत होता, हात भरून आले होते, पण हंडे येतच राहिले. दोन गंज्या जळाल्या. राशींना मात्र झळसुद्धा लागली नाही, आणि एकाही माणसाला इजा झाली नाही.

शेवटची ठिणगी विझली. मग असा जल्लोष उठला की नदीपलीकडची गुरं दचकली! म्हातारा सोबती मात्र ढसाढसा रडत होता. "रायाजी, ओळ होती रे!" तो म्हणाला. "आज ओळ होती!"

कारभारी भिजलेल्या अंगानं, मान खाली घालून भिवराकडे आला. "चूक माझी होती, बाई," तो म्हणाला. "शिळा इथंच उभी राहील. सांग, काय कोरायचं?"

भिवरानं हंडा खाली ठेवला. घोडा, तलवार, हत्ती यांतलं काही आता तिला हवंसं वाटेना. "ओळ कोरा," ती म्हणाली.

"आणि त्यात तुझे वडील कुठं दाखवू?" पाथरवटानं विचारलं.

"ते मुद्दाम वेगळे दाखवू नका. ओळीतलेच एक असू देत."

पाथरवटानं तसंच केलं. खालच्या खणात हंडे देणारी-घेणारी माणसं, घाटापासून खळ्यापर्यंत. एकाचं पागोटं तेवढं तिरकं आहे, आणि तो कोण हे गावात लहान पोरांनाही माहीत आहे. वाटसरू शिळेपाशी थांबतात, निरखून बघतात आणि विचारतात, "यातला वीर कोणता?" गावकरी हसून म्हणतात, "आम्हालाही ओळखू येत नाही."

त्या वर्षापासून दर अमावस्येला परात आईच्या हातून वाजू लागली. खळ्यावर पुन्हा कधी चूल पेटली नाही. भिवरा सासरी परतली आणि पहिल्याच अमावस्येला तिनं तिथंही परात वाजवून ओळ धरली. आणि ओळीतल्या लोकांसाठी गुळाच्या ढेपा दरवर्षी कारभाऱ्याकडून येऊ लागल्या, न सांगता, न मागता.

तात्पर्य: जो आपली चांगली सवय चारचौघांच्या हाताला लावून जातो, तो गेल्यानंतरही संकटात धावून येतो.