केवड्याची ओंजळ

एका गावात एक बाई राहत होती आणि तिचं काम होतं पाणी चाखायचं. आता तुम्ही म्हणाल, हे काय काम झालं? अहो, त्या गावाला नदी नव्हती. होतं ते एक तळं आणि लांब डोंगरात एक विहीर. उन्हाळ्यात तळं आटायला लागलं की पाणी कधी नासेल याचा नेम नसे. म्हणून रोज सकाळी ही बाई तळ्याचा एक घोट तोंडात घोळवायची. तिने मान हलवली की मगच बायका घागरी बुडवायच्या. ती थुंकली की तळं बंद, आणि सगळ्यांनी डोंगर चढायचा. गाव तिला पारखी मावशी म्हणे. तिच्या शब्दावर घराघरातली लेकरं जगत होती.

गावात आळ्या दोन, वरची आणि खालची. तळ्याचा कारभारी नेमायचा झाला की आधी प्रत्येक आळी आपापला एक माणूस ठरवायची, आणि मग त्या दोघांतून सारं गाव एकाला निवडायचं. आळीची निवड तळ्याकाठच्या चौथऱ्यावर होई. उमेदवार ओंजळीत पाणी घेऊन उभा राहायचा. ज्याचा उमेदवारावर भरवसा असेल त्याने सगळ्यांदेखत पुढे होऊन ते पाणी प्यायचं. कुणी प्यायच्या आत ओंजळ गळून गेली, तर उमेदवाराने मुकाट्याने खाली उतरायचं. नाहीतर ओंजळ पुन्हा पुन्हा भरायची, आणि जास्त जण ज्याच्या ओंजळीतलं पितील तो आळीचा माणूस.

मावशी खालच्या आळीची. तिथे पिढ्यानपिढ्या म्हातारे पंचच उभे राहत, आणि मावशीचा त्यांच्यावर दात होता. का नसावा? विहिरीची वाट नीट करा म्हणून ती त्यांच्या पाया पडली होती. "बघू, बघू" म्हणत त्यांनी वर्षं काढली. एके दिवशी त्याच वाटेवरून मावशीचा नवरा घागरीसकट दरीत गेला. पंच तेराव्याला जेवून गेले, पण चुकलं असं एकाच्याही तोंडून निघालं नाही.

एका साली आळीच्या निवडीला पंचांविरुद्ध एक अत्तरवाला उभा राहिला. माणूस परगावचा, आळीत नवाच राहायला आलेला, जन्मात कधी घागर उचललेली नाही, पण जिभेवर साखर! भर चौकात तो ओरडला, "या म्हाताऱ्यांनी मावशींचं कुंकू पुसलं! मी कारभारी झालो की आधी ती वाट बांधीन." मावशी घरी जाऊन ढसाढसा रडली. इतक्या वर्षांत कुणीतरी बोललं होतं.

निवडीच्या दिवशी अत्तरवाल्याने ओंजळ पुढे केली. मावशी वाकली, आणि केवड्याचा भपकारा तिच्या नाकात शिरला. पाणी चाखणाऱ्यांचा एक जुना नेम असतो. वासाचं पाणी आधी थुंकायचं, मग विचार करायचा, कारण वास काहीतरी झाकायलाच घातलेला असतो. मावशी थबकली.

"काय गं, घोट अडकला का?" एक पंच मिशीत हसला.

झालं! मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती ओंजळ तिने घटाघटा रिकामी केली. मग काय विचारता, शिंपी आला, तेली आला, देवळातला गुरव आला. "मावशी प्यायली, मग आपण कोण मोठे लागून गेलो?" म्हणत सगळे रांगेने प्यायले. पाठीमागे एक कुंभारीण उभी होती. तिने हळूच विचारलं, "मावशी, वास आला ना तुम्हाला?"

"अत्तरवाला आहे तो. हाताला वास यायचाच," मावशी म्हणाली आणि तिची नजर चुकवून निघून गेली.

अत्तरवाला आळीतून निवडून आला. मावशीचा शब्द वरच्या आळीतही चालायचा, त्यामुळे गावातूनही निवडून आला. वाट काही बांधली गेली नाही. उन्हाळा आला, तळ्याचं पाणी नासलं आणि मावशी थुंकली.

"तळं बंद करा," ती म्हणाली.

"पहिल्याच उन्हाळ्यात? लोक जोड्याने मारतील मला!" असं म्हणून कारभाऱ्याने तळ्यात केवड्याचे बुधलेच्या बुधले ओतवले. सारं गाव घमघमलं. मावशी तळ्याच्या पायऱ्यांवर हात पसरून उभी राहिली. "बायांनो, पाया पडते, नका भरू!"

घागर घेऊन सगळ्यांत पुढे तिचीच लेक होती. "आई, सरक ना. याच वासाचं पाणी तू सगळ्यांदेखत प्यायलीस की!"

मावशीचे पसरलेले हात खाली आले. लेकीने तिला बाजूला केलं आणि घागर बुडवली.

पटकीची साथ पसरली. घरोघरी माणसं गेली. मावशीची नात, लेकीची चिमुरडी, तीही गेली. मरताना ती पाणी पाणी करत होती. अत्तरवाला घोड्यावर बसून पहाटेच पसार झाला. लेकीने मावशीच्या तोंडावर दार लावून घेतलं.

पुन्हा कारभारी नेमायची वेळ आली. पंच मिशा पिळत उभे राहिलेच. त्यांच्यासमोर कुंभारीण उभी राहिली. पटकीच्या दिवसांत त्या मोडक्या वाटेने डोंगर चढून तिने आजाऱ्यांना पाणी पाजलं होतं. आदल्या दिवशी ती मावशीकडे आली.

"तू सांगायची गरज नाही," मावशी लगबगीने म्हणाली, "उद्या पहिली मी पिणार. तुझं पाणी निर्मळ आहे. मला न चाखता कळतं."

"तेव्हाही न चाखताच कळलं होतं, मावशी," कुंभारीण म्हणाली. तिचे डोळे भरून आले. "एकच मागणं आहे. उद्या येऊ नका. तुम्ही प्यायलात तर आहेत ते चार लोकही उठून जातील."

मावशीने मान हलवली. दुसरं काय करणार होती?

दुसऱ्या दिवशी ती दाराच्या फटीतून चौथऱ्याकडे बघत बसली. कुंभारणीने ओंजळ पुढे केली. शिंप्याने तेल्याकडे पाहिलं. तेल्याने गुरवाकडे पाहिलं. कुणीच पुढे होईना. पोळलेली माणसं ती, आता कुणाच्याही हातचं प्यायला भीत होती. पाणी बोटांच्या फटींतून टपटप गळत होतं. मावशी उठून उंबऱ्यापर्यंत गेली. दिलेला शब्द तिला आठवला आणि ती तिथेच खाली बसली. ओंजळ रिकामी झाली. कुंभारीण ओले हात पदराला पुसत चौथऱ्यावरून उतरली.

पंचांच्या ओंजळीतलं त्यांच्या घरचे तेवढे प्यायले, आणि पंचांतलाच एक पुन्हा कारभारी झाला. डोंगराची वाट अजून तशीच आहे म्हणतात.

तात्पर्य: एकावरच्या रागापोटी दुसऱ्याची ग्वाही देऊ नये. अशी ग्वाही खोटी ठरली, की खऱ्या माणसासाठी द्यायला आपल्याजवळ शब्दच उरत नाही.