केराप्पाची पोटगी आणि कावळ्याचा अंगठा

एका गावात चुरमुऱ्यांची एक भट्टी होती आणि त्या भट्टीवर एक भोळा माणूस होता. नाव केराप्पा. भोळा म्हणजे कसा? सांगितलेलं सगळं ऐकायचा. असा माणूस गावात दुसरा नव्हता. बाकीचे आम्ही कुणाचंच ऐकत नाही, म्हणून शहाणे.

केराप्पाची बायको सुंद्रा. एकदा ती चिडली आणि म्हणाली, "आठ दिवस माझ्याशी एक शब्द बोलू नका!"

केराप्पा नाही बोलला. तिसऱ्या दिवशी भट्टीची ठिणगी उडाली आणि दोरीवरचं तिचं जरीचं लुगडं पेटलं. केराप्पानं बघितलं. पण दिवस तिसराच होता. लुगडं दिसेना म्हणून सुंद्रा घरभर शोधायला लागली. "तुम्हीपण शोधा की," म्हणाली. केराप्पापण शोधायला लागला. माळ्यावर चढला, कणगीत उतरला. नवव्या दिवशी सकाळी म्हणाला, "सुंद्रा, गेल्या मंगळवारी तुझं लुगडं जळालं बघ."

सुंद्रा वरच्या आळीत भावाकडं निघून गेली. प्रकरण कोर्टात गेलं. खटला चालू होता तोवर केराप्पानं दर एक तारखेला तीन हजार रुपये तिला नेऊन द्यायचे, असं ठरलं. केराप्पा नेऊन द्यायचा. शेवटी निकाल लागला. घटस्फोट झाला आणि तीन हजार पोटगी कायम झाली.

झालं, गावाला काम मिळालं. कुणी म्हणे अपील कर, कुणी म्हणे करू नको. केराप्पाच्या घरी त्याची आत्या होती, पारूआत्या. ती म्हणाली, "केऱ्या, तीन हजारात म्हैस पोसून होते. कर अपील!"

केराप्पा तालुक्याला मगदूम वकिलांकडं गेला.

वकील म्हणाले, "अपील करायचं की नाही ते महिन्याच्या आत ठरव. तोवर पैसे देत राहा. आणि तिनं दुसरा नवरा केला, तर पोटगी बंद. समजलं? आता महत्त्वाचं ऐक. पावती घेतल्याशिवाय काही द्यायचं नाही. सही घे, नाहीतर अंगठा घे."

"बरोबर आहे," केराप्पा म्हणाला. "आता कळलं." आणि शाईचं पॅड विकत घेऊनच गावात आला.

चार दिवसांनी शेजारच्या मळू गवळ्याच्या बापाचा दहावा होता. नदीवर सगळे जमले. मळू म्हणाला, "केराप्पा, तेवढा पिंड त्या दगडावर ठेव." केराप्पानं ठेवला. सगळे लांब उभे राहिले. कावळा काही येईना. मळूनं म्हातारीला सांभाळायचं कबूल केलं. म्हशी विकणार नाही म्हणाला. तेव्हा कुठं एक कावळा आला आणि पिंडाजवळ बसला. आता चोच लावणार, एवढ्यात केराप्पा पॅड आणि कागद घेऊन धावला.

"आधी अंगठा!"

कावळा उडाला. तो गेला तो गेलाच. दुसराही आला नाही. ऊन डोक्यावरून कललं, पाहुणे उपाशी. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा केला आणि पिंडाला लावला. केराप्पानं त्या दर्भाच्या कावळ्याचा अंगठा घेतला आणि कागद घडी करून खिशात ठेवला.

घरी पारूआत्यानं कपाळावर हात मारला. "अरे मेल्या, अशा वेळी डोळे पुसायचे. जवळ जाऊन हळू आवाजात म्हणायचं, 'गेलेलं माणूस परत येत नाही, आता धीर धरा.'"

"बरोबर आहे. आता कळलं."

पुढच्या आठवड्यात समोरच्या तुळसाकाकूंच्या मुलीचं लग्न लागलं. मुलीची पाठवणी होती. मुलगी रडत होती, काकू रडत होत्या. केराप्पानं ओळखलं की हीच ती वेळ. डोळे पुसत तो पुढं झाला.

"काकू, गेलेलं माणूस परत येत नाही. आता धीर धरा."

काकूंनी असा हंबरडा फोडला की वाजंत्री थांबली. नवरदेव गाडीतून खाली उतरला. मुलीच्या मामानं केराप्पाला मांडवाबाहेर नेलं, ते कसं नेलं हे मी सांगत नाही.

पारूआत्या म्हणाली, "अरे, तिथं अक्षता टाकायच्या आणि म्हणायचं, 'काय जोडा शोभतो! सुखानं नांदा.'"

"बरोबर आहे. आता कळलं."

असं करता करता महिना संपत आला. अपिलाचं काही ठरेना. केराप्पा चुरमुऱ्यांची पिशवी घेऊन पुन्हा तालुक्याला गेला. कोर्टाच्या व्हरांड्यात मगदूम वकील आणि दुसरे एक जाडे वकील एका खुर्चीवरून भांडत होते. खुर्चीचा एक हात यांच्याकडं, एक त्यांच्याकडं. मग कोटाची कॉलर यांच्याकडं, टाय त्यांच्याकडं. दोघं अगदी समोरासमोर उभे, मध्ये अंतरपाट तेवढा नव्हता. केराप्पानं पिशवीत हात घातला आणि दोघांच्या डोक्यावर मूठभर चुरमुरे टाकले.

"काय जोडा शोभतो! सुखानं नांदा."

व्हरांडाभर हशा झाला. मगदूम वकिलांनी केसांतले चुरमुरे झाडले आणि केराप्पाला बाजूला घेतलं.

"आजपासून या कोर्टाच्या आवारात तू दुसरं काही बोलायचं नाहीस. कुणी काहीही विचारू दे, एकच उत्तर द्यायचं. 'हे मला मान्य नाही. मी वर दाद मागणार.' म्हण!"

केराप्पानं वीस वेळा म्हटलं.

"शाब्बास. हा अपिलाचा कागद. सही करून परवा आण. परवा शेवटचा दिवस."

दुसऱ्या दिवशी एक तारीख होती. केराप्पा तीन हजार घेऊन वरच्या आळीत गेला. सुंद्रानं नेहमीसारखं पाट-पाणी केलं, भाकरी-आमटी वाढली. पावतीवर सही दिली. मग म्हणाली, "तुम्ही अपील करणार म्हणे?"

केराप्पानं खिशातला कागद काढून तिच्याच हातात दिला. "काय करू? तूच सांग."

"अहो, माझ्याविरुद्धचं अपील, आणि मला काय विचारता? तुम्हाला काय वाटतं?"

"मला कुणी विचारलंच नाही अजून."

"मी विचारतेय. तीन हजार जड जातात का?"

"नाही. पण कोर्टानं चुकी केली. महिन्याला द्या म्हणाले. आठवड्याला द्या म्हणायला हवं होतं."

"का?"

"म्हणजे आठवड्याला आमटी मिळाली असती. तूपण दिसली असतीस."

सुंद्रा चुलीकडं तोंड करून बसली.

"इथं भावाच्या घरी माझं कुणी ऐकत नाही," ती म्हणाली. "तुम्ही निदान ऐकता तरी. टाका तो कागद चुलीत. आपण परत लग्न करू. पण आग लागली की बोलायचं, मग कितीही दिवस ठरलेले असू देत."

"बरोबर आहे," केराप्पा म्हणाला. "आता कळलं." कागद चुलीत टाकला आणि मोठ्यानं ओरडला, "सुंद्रा, आग लागली!"

पुढं रीतसर नोटीस दिली आणि तारीख मिळाली. लग्नाच्या नोंदणीचं ऑफिस तालुक्याला, कोर्टाच्याच आवारात. सुंद्रा नवं लुगडं नेसून आली. पारूआत्या पेढे घेऊन आली. साहेबांनी वही उघडली आणि विचारलं, "केराप्पा, हे लग्न तुम्हाला मान्य आहे ना?"

केराप्पा ताठ उभा राहिला.

"हे मला मान्य नाही. मी वर दाद मागणार!"

साहेबांचं पेन खाली पडलं. पारूआत्या पेढ्यांच्या पुड्यावरच बसली. सुंद्राचा भाऊ बाह्या सरसावायला लागला. सुंद्रानं त्याला थांबवलं. "असं बोलायला तुम्हाला कुणी सांगितलं?" तिनं विचारलं.

"हे मला मान्य नाही. मी वर दाद मागणार."

मग तिनं ओळखायचं ते ओळखलं. केराप्पाचा कान धरला, त्याला फाटकाबाहेर चहाच्या गाड्यापर्यंत आणलं आणि म्हणाली, "हे कोर्टाचं आवार नाही. आता सांगा."

"मान्य आहे की! कधीपासून मान्य आहे."

साहेबांना वही घेऊन रस्त्यावर यावं लागलं. चहाच्या गाड्यावर सह्या झाल्या.

सुंद्रा घरी आली. भट्टी पेटली, चुरमुरे फुलायला लागले. मग एक तारीख उगवली. सुंद्रा पीठ मळत होती. केराप्पानं तिच्यासमोर तीन हजार ठेवले आणि पावती पुढं केली.

"अहो, आता पोटगी कसली?"

"अपील केलं नाही ना आपण? मग हुकूम कायम."

"पण माझं लग्न झालं की!"

"वकील म्हणाले, दुसरा नवरा केला तर बंद. तू दुसरा कुठं केलास? पहिलाच केलास."

सुंद्रानं थोडा विचार केला. मग हात पुसले, पैसे कनवटीला लावले आणि सही दिली. पाट मांडला, भाकरी-आमटी वाढली. केराप्पा पोटभर जेवला, हात धुतले, पावती घडी करून खिशात ठेवली. मग चपला घातल्या आणि आपल्याच घराच्या उंबऱ्याबाहेर उभा राहून म्हणाला, "बरं आहे सुंद्रा. येतो मी पुढच्या एक तारखेला."

आणि निघाला.

आजही दर एक तारखेला सुंद्रा खरकट्या हातानं पळत सुटते आणि पिंपळाच्या पारावरून त्याला परत घेऊन येते.