तेराव्या पिल्लाची जात

फार वर्षांपूर्वी डोंगराच्या पायथ्याशी एका गावात ठकूबाई नावाची बाई राहत होती. तिच्या परसात वीस-पंचवीस कोंबड्या होत्या, आणि कोंबड्यांमधलं तिला जेवढं कळायचं तेवढं गावात कुणालाच कळत नसे. पिल्लू तळहातावर घ्यायची, नख्या बघायची, पंख जरा फाकवायची आणि सांगायची, "हा असील. भांडखोर निघेल." किंवा, "ही गावरान. अंडी लहान देईल, पण भरपूर देईल." आणि तसंच व्हायचं. नवरा गेल्यावरही गावात तिच्या शब्दाला मान राहिला होता तो यामुळेच. हे तिला चांगलं ठाऊक होतं.

एकदा तिने उबवायला बसलेल्या खुडूक कोंबडीखाली बारा अंडी ठेवली. एकविसाव्या दिवशी सकाळी पाहिलं, तर पिल्लं तेरा.

तिने पुन्हा मोजली. तेराच. मग टरफलं जुळवून पाहिली. ती बारा अंड्यांचीच होती.

तेरावं पिल्लू कोणतं ते लगेच कळत होतं. ते ना पिवळं होतं, ना काळं, ना ठिपक्यांचं. विझलेल्या चुलीतल्या राखेसारखा त्याचा रंग होता. कोंबडी माणसाकडे बघते ती मान वाकडी करून, एका डोळ्याने. हे पिल्लू ठकूबाईकडे समोरून बघत होतं, दोन्ही डोळ्यांनी.

शेजारची येसू कुंपणावरून डोकावली. "मावशी, हे कुठल्या जातीचं गं?"

ठकूबाईने नख्या बघितल्या. पंख फाकवला. तिला काहीच कळेना. 'माहीत नाही' हे शब्द अगदी जिभेवर आले, पण ते तिने आजवर कधी उच्चारलेच नव्हते.

"असील आहे," ती म्हणाली. "लाल पिसं येतील बघ मानेवर."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती परसात गेली आणि जागच्या जागी थांबली. बाकीची पिल्लं कालच्याएवढीच होती. ते तेरावं मात्र वीतभर उंच झालं होतं आणि त्याच्या मानेवर लाल पिसं आली होती.

"मावशी, तुझी नजर म्हणजे नजर हं!" येसू म्हणाली.

ठकूबाई हसली. आपण नुसतंच ठोकून दिलं होतं, हे तिला एकटीलाच माहीत होतं.

चार दिवसांनी गावातले जाणते तात्या काठी टेकत आले. "असील म्हणतेस? मला नाही तसं वाटत. चोच बघ, काळपट आहे."

चोच चांगली पिवळी होती. पण तात्यांपुढे आपण खोटं पडू, या धाकाने ती घाईघाईने म्हणाली, "कडकनाथ आहे तात्या. त्या दिवशी मी नीट पाहिलं नव्हतं."

तात्या मान खाली घालून तंबाखू मळत होते. त्यांना दिसलं नाही. ठकूबाईला दिसलं. तिचं वाक्य संपायच्या आत पाण्यात शाई सुटावी तसा पिल्लाच्या तुऱ्यात काळेपणा उतरला. मग चोचीत. मग पायांत, पार नखांपर्यंत.

तात्यांनी वर पाहिलं. "बघ, मी म्हटलं नव्हतं?"

त्या दिवसापासून परसातला आवाजच गेला. ठकूबाई कणी टाकायची, पण एकही कोंबडी पुढे यायची नाही. ते पाखरू खाऊन बाजूला होईपर्यंत सगळ्या त्याच्याकडे पाठ करून उभ्या राहायच्या. आई कोंबडी त्याला टोचायची नाही, हाकही मारायची नाही. भर दुपारी ठकूबाई भाकऱ्या थापत असली की उंबऱ्यावर काहीतरी उभं असल्यासारखं वाटे. वळून बघितलं की ते तिथे असे. तिच्या हाताकडे नाही, पिठाकडेही नाही, ते तिच्या तोंडाकडे बघत असे. ती काही बोलते का, याची वाट बघत असे.

ती परसात बोलेनाशी झाली. कोंबड्यांना हाकसुद्धा मारेना.

एका दुपारी ते आत आलं आणि चुलीच्या काठावर येऊन बसलं. नेमकी त्याच वेळी येसूने बाहेरून हाक दिली, "मावशी, नक्की कडकनाथच ना? मला हवीत हं त्याची अंडी!"

ठकूबाईचा तोल सुटला. "कसलं कडकनाथ! कोंबडीची जातच नव्हे ती. शिकारी पाखरू आहे ते, शिकारी!"

चुलीवरून पंखांचा फडफडाट झाला आणि ते बाहेर गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी खुराड्याचं दार मोडलेलं होतं. बारा पिल्लांपैकी पाच उरली होती. बाकीच्यांची नुसती पिसं. आई कोंबडी त्या पिसांवर पंख पसरून बसली होती, जणू अजून कुणाला ऊब द्यायची आहे. आणि मागच्या भिंतीवर ते बसलं होतं. आता त्याची चोच आकड्यासारखी वाकलेली होती. दुपारपर्यंत त्याने येसूच्याही चार कोंबड्या नेल्या.

गाव जमला. कुणाच्या हातात काठी, कुणाच्या हातात कोयता. पाखरू भिंतीवरून हललं नाही.

"ठकू," तात्या म्हणाले, "नेमकी जात सांग. शिकरा असेल तर जाळं लावू. आणखी काही असेल तर त्याचा उपाय वेगळा."

गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "तात्या, ते पाखरूच नाही. भुताटकी आहे. विचारा तिला."

सगळे तिच्या तोंडाकडे बघू लागले. भिंतीवरून तेही बघत होतं, दोन्ही डोळ्यांनी.

तेव्हा ठकूबाईला सगळा उलगडा झाला. आपण भूत म्हटलं तर ते भूत होईल. आणि आपण म्हटलं, अहो, हे साधं गावरान पिल्लू आहे, तर तेही होईल. गाव घरी जाईल आणि आपला मान जिथल्या तिथे राहील. ते वाक्य तिच्या ओठांशी आलंसुद्धा. मग तिला त्या आई कोंबडीचे पसरलेले पंख आठवले. आज आपण याला गावरान करू. उद्या कुणी डोळे वटारले, की आणखी काहीतरी करू. परवा आणखी.

"मला माहीत नाही," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे मला ठाऊक नाही, तात्या. पहिल्या दिवशीही नव्हतं. येसूला असील सांगितलं ते लाजेने. तुम्हाला कडकनाथ सांगितलं ते धाकाने. काल शिकारी म्हटलं ते भीतीने. त्याच्याकडे नीट बघून मी एकदाही बोलले नाही. या कोंबड्या गेल्या त्या माझ्या तोंडामुळे."

कुणीतरी फिसकन हसलं. कुणीतरी "बघा, हिला काय कळतं ते!" असंही म्हणालं.

भिंतीवरून एक पीस गळालं. मग दुसरं. मग वाऱ्याशिवायच पिसांचा ढीग खाली आला, आणि त्यात मूठभर राखाडी पिल्लू धडपडत होतं. हसणं थांबलं. येसू काठी उगारून पुढे धावली, तशी ठकूबाई पिल्लाच्या आड मातीत बसली.

"माझ्या चार कोंबड्या गेल्या, मावशी!"

"माझ्यातल्या चार घेऊन जा. हव्या त्या घे. याला मारू नकोस. हे जे झालं ते मी केलं."

येसूचा हात बराच वेळ वरच राहिला. मग तिने काठी टाकली आणि चार कोंबड्या निवडून नेल्या. पुढे वर्षभर ती कुंपणापाशी आली नाही.

गेलेली पिल्लं परत आली नाहीत. लोकही ठकूबाईकडे येईनासे झाले. ते पिल्लू मात्र हळूहळू, इतर पिल्लं वाढतात तसं वाढू लागलं. "काय निघालं मग ते?" असं कुणी खोचून विचारलंच तर ती म्हणे, "अजून कळलं नाही. रोज बघते आहे."

एक दिवस लांबच्या गावची एक बाई पदराखाली काहीतरी झाकून आली.

"चार जणांना दाखवलं, चौघांनी चार नावं सांगितली," ती म्हणाली. "मग कुणीतरी म्हणालं, त्या गावात एक बाई आहे. तिला कळलं नाही तर ती तसं सांगते."

ठकूबाईने तिला पाणी दिलं. पदराखालचं पिल्लू हातात घेतलं, परसात मोकळं सोडलं आणि स्वतः पायरीवर बसली.

"घाई नाही ना? मग बस," ती म्हणाली. "आधी बघू."

तात्पर्य: जे आपल्याला ठाऊक नाही त्याला नाव देऊ नये, आपण बोलून मोकळे होतो आणि ते नाव दुसऱ्या जिवाला भोगावं लागतं.