पितळी गड्याच्या पोटातला पट

खूप जुनी गोष्ट. इतकी जुनी, की त्या राजाचं नावही आता कुणाला आठवत नाही. त्याच्या राज्यात भिवराबाई नावाच्या एक म्हाताऱ्या बाई चिंचेखालच्या पाठशाळेत मुलांना बुद्धिबळ शिकवायच्या.

एकदा एका कारागिराने दरबारात पितळेचा गडी आणला. किल्ली दिली की तो बुद्धिबळ खेळे, आणि काय खेळे! भलेभले गारद झाले. कारागीर मिशांना पीळ देत म्हणाला, "महाराज, आता माणसांनी डोकं कशाला शिणवायचं? ती पाठशाळा बंद करा, जागा माझ्या कारखान्याला द्या."

"भिवराबाई तीन डावांत हरल्या तर देऊ," राजा म्हणाला. नियम ठरले. कागद जवळ ठेवायचा नाही, दुसरा पट मांडायचा नाही, हात लावलेली सोंगटी खेळायचीच.

पहिला डाव बाई हरल्या. पण हातपाय गाळणारी बाई नव्हे ती! कारागिराने तेल घालायला गड्याच्या पाठीचं झाकण उघडलं, तशा या खुशाल आत डोकावल्या. आत इवलासा पट! त्यावरच्या सोंगट्या पुढे जात होत्या, मागे येत होत्या, एकच चाल वीस तऱ्हांनी करून बघत होत्या. शेजारी पत्र्याच्या पट्ट्यांवर जुने हजार डाव कोरलेले.

बाई ताडकन दरबारासमोर उभ्या राहिल्या. "महाराज, याच्या पोटात दुसरा पट आहे, पोथीही आहे. मग मलाच मनाई का? त्याचं काढून घ्या, नाहीतर मला माझं द्या."

कारागीर खो खो हसला. "अहो, मग खेळणार कोण? तुम्ही की तुमची पोथी?"

"हेच तुमच्या गड्याला विचारा की!"

राजाने स्वतः वाकून झाकणाआड पाहिलं. "पहिला डाव रद्द," तो म्हणाला. "आता एकच डाव, आणि दोघांना सारखं."

बाईंनी शेजारी पट मांडला, मुलांनी उतरवून घेतलेल्या डावांची वही उघडली. मधेच त्यांना वजीर देऊन टाकायची लहर आली. वहीत तसं कुठे नव्हतं. शेजारच्या पटावर त्यांनी ते सहा वेळा करून पाहिलं, सहाही वेळा फसलं. सातव्या वेळी वाट सापडली. मग बाईंनी खऱ्या पटावरचा वजीर उचलला आणि बेधडक पुढे केला. गड्याचं पोट संध्याकाळपर्यंत कटकटत राहिलं. शेवटी मात झाली ती त्याचीच.

"शेजारी पट नसता तर हरला असता तुम्ही!" कारागीर चिडून म्हणाला.

"हरलेच होते की सकाळी," बाई म्हणाल्या. "तेच तर सांगत होते मी."

कारागिराची मान खाली गेली. पाठशाळा चिंचेखालीच राहिली, आणि दुसऱ्या दिवशी तो आपल्या लेकीला घेऊन तिथे आला.

म्हणून बाळांनो, आणि मोठ्यांनो तुम्हीही, कोण जिंकलं ते विचारण्याआधी दोघांच्या हाती काय दिलं होतं ते विचारावं.